बिदागी आधी ठरवा

तरुण गायकाला कार्यक्रमाचं बोलावणं फोनवर येतं. तारीख ठरते, वेळ ठरते, मैफल सकाळची की रात्रीची, मध्यंतर घ्यायचं की नाही, भैरवीआधी एखादं नाट्यपद होईल का, हे सगळं बोलून होतं. बिदागीचा विषय तेवढा निघत नाही. गायकानं काढलाच तर पलीकडून जरा दुखावलेल्या आवाजात उत्तर येतं, ‘अहो, ते बघू आपण, तुम्हाला नाराज नाही करणार.’ गायक गप्प बसतो. पुन्हा विचारलं तर ‘फार पैशाचं बघतो’ असं त्याच्या नावाला चिकटेल याची त्याला धास्ती असते. गाण्याचं जग लहान आहे. ठाण्यात बोललेलं सांगलीत पोचायला वेळ लागत नाही.

असं बोलणारे आयोजक वाईट माणसं नसतात. बहुतेक जण पदरमोड करून मंडळ चालवतात, देणगीसाठी दारोदार फिरतात, सतरंज्याही स्वतःच घालतात. त्यांचं गाण्यावर मनापासून प्रेम आहे. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक समजूत पक्की बसली आहे, ती त्यांच्याही डोक्यात आहे: खरा कलावंत पैशासाठी गात नाही, आणि जो पैशाचं बोलतो त्याच्या कलेत काहीतरी खोट असणार. ही समजूत आपल्याला उदात्त वाटते. माझं म्हणणं असं, की शास्त्रीय संगीतावर जगू पाहणाऱ्या माणसांवर होणारा बहुतेक अन्याय तिच्याच आडोशानं होतो, आणि ती आता मोडून काढली पाहिजे.

तिचा पहिला फटका साथीदाराला बसतो. एखादा तबलजी घ्या. मैफल सहाची असेल तर तो साडेचारलाच सभागृहात आलेला असतो. गायक पुरुष असेल तर पट्टी काळी एक किंवा पांढरी दोन, बाई असतील तर काळी चार किंवा काळी पाच. म्हणजे दोन-तीन दाये आणि डग्गा घेऊनच घराबाहेर पडायचं. वातानुकूलित सभागृहात स्वर हलतो, पावसाळी हवेत पुडी उतरते. तो हातोडीनं एकेक घर ठोकून पाहतो, गट्ठा वर-खाली करतो, पुन्हा ऐकतो. तंबोऱ्याशी तबला मिळाला असं आपल्याला वाटतं तेव्हाही त्याचं समाधान झालेलं नसतं. मग दोन-अडीच तास तो विलंबित एकतालाचा ठेका धरून बसतो. गायकानं आलाप कितीही लांबवला तरी मात्रा ढळू द्यायची नाही, आणि मध्येच ‘घ्या’ अशी खूण झाली की दोन आवर्तनांत आपलं सगळं शिक्षण दाखवायचं. कार्यक्रमानंतर गायकाला शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळतं. तबलजीलाही एक पाकीट मिळतं. ते तो तिथं उघडत नाही, तसं करणं शिष्टाचाराला धरून नाही. घरी गेल्यावर उघडतो. त्यातून टॅक्सीचं भाडं वजा केलं, शाई उडालेली पुडी बदलून घेण्याचा खर्च वजा केला, की काय उरतं ते त्याच्या बायकोला विचारावं.

आता त्याच सभागृहातल्या बाकीच्यांकडे पाहा. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्यानं आपला दर आधी सांगितलेला असतो आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतलेली असते. मंचामागचा फ्लेक्स, फुलांची सजावट, फोटोग्राफर, मध्यंतरातले बटाटेवडे, सगळ्यांचे भाव ठरलेले असतात. त्यातल्या कुणालाही कुणी लोभी म्हणत नाही. म्हणणं रास्तही होणार नाही, कारण ते काम करतात आणि कामाचे पैसे घेतात. ज्यांच्यासाठी हा सारा थाट, त्या तिघा-चौघांच्या कामाला मात्र भाव नाही. पैसे नाहीत ही तक्रार मी म्हणूनच अर्धीच खरी मानतो. पैसे असतात. ते कुणाला आधी द्यायचे आणि कुणाला शेवटी, याचा क्रम आपण लावलेला आहे.

हा क्रम पहिल्यापासून असाच नव्हता. गाणं हा आपल्याकडे पोटाचा व्यवसाय होता. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी नोकरीत होते. अहमदजान थिरकवाँसारखे तबलानवाज गंधर्व नाटक मंडळीत तबला वाजवत. गोव्याच्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घरांतल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या गाण्यावर घरं चालवत होत्या. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्यांनी ज्या तालमी घेतल्या, जी मेहनत केली, तिच्याशिवाय जयपूर घराण्याची गायकी आज आपल्या कानांपर्यंत पोचली नसती. या माणसांनी पैसे घेऊन गाणं केलं. त्यांचं गाणं त्यामुळे कुठं उणं पडलं, हे कुणी दाखवून द्यावं.

विसाव्या शतकात मध्यमवर्गीय घरांनी हे गाणं आपलंसं केलं. ही मोठी गोष्ट होती आणि तिच्यामागे मोठी माणसं होती. पण त्या घरांनी एक अट मनाशी धरली: मुलीनं गाणं शिकावं, परीक्षा द्याव्यात, पाहुण्यांसमोर तंबोरा घेऊन बसावं, गाण्यावर पोट भरू नये. पैसे घेऊन गाणाऱ्या बाईबद्दल समाजात जो तिटकारा होता, तो गाण्यावरून उठला आणि पैशावर जाऊन बसला. आज सुशिक्षित माणूस ‘कलेचा बाजार नको’ म्हणतो तेव्हा तो जुना तिटकारा त्या वाक्यात शाबूत असतो. आपण त्याला शुद्धतेचं नाव देतो, एवढंच.

किशोरी आमोणकरांनी मुलाखतींतून आपल्या आईच्या, म्हणजे मोगूबाईंच्या, दौऱ्यांबद्दल सांगितलं आहे. आईबरोबर तंबोऱ्याला जाणाऱ्या मुलीनं तिथली वागणूक आणि हातावर टेकवली जाणारी रक्कम जवळून पाहिली होती. पुढे किशोरीताई मैफलीच्या अटींबाबत, श्रोत्यांच्या वागण्याबाबत कडक झाल्या, तेव्हा लोकांनी त्यांना लहरी ठरवलं. मला त्यात लहर दिसत नाही. आईच्या वाट्याला आलेलं आपल्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, असं ठरवलेल्या एका व्यावसायिक कलावंताचा तो स्वाभिमान होता. हिराबाई बडोदेकरांनीही याच कारणासाठी मोठं धाडस केलं. तिकीट लावून, रीतसर बैठकीवर बसून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचं नाव येतं. तिकीट लागलं आणि बाईचं गाणं उजळ माथ्यानं सभागृहात आलं. पैशानं तिथं गाण्याला मानच मिळवून दिला.

शुद्धतेची बाजू मांडताना लोक हटकून विष्णु दिगंबर पलुस्करांचं नाव घेतात. कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेला, लहानपणी फटाक्यानं दृष्टी अधू झालेला हा माणूस मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकला आणि गाणाऱ्याला समाजात प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी बाहेर पडला. एका समारंभाला आपल्या गुरूंना बोलावणं नाही, कारण ते ‘गवई’, हे पाहून ते दुखावले, अशी हकीकत सांगतात. पण या माणसाचा व्यवहारही पाहा. त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथं फी घेतली, पुस्तकं छापून विकली, वाद्यांच्या दुरुस्तीचा कारखाना घातला. उपदेशक वर्गातल्या गरीब मुलांना जेवूखाऊ घालून शिकवलं, ते पुढं त्यांनी शिक्षक होऊन मानानं जगावं म्हणून. गाणाऱ्यानं आश्रयदात्याच्या मर्जीवर जगू नये, लोकांच्या पैशावर जगावं, हा त्यांचा आग्रह होता. विद्यालयाची मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली, ते शेवटी रामनामाकडे वळले, आणि आपण त्यांची तसबीर लावताना फक्त तो शेवटचा काळ ध्यानात ठेवला. त्यांच्या नावाच्या परंपरेतल्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांना आज दरवर्षी हजारो मुलं बसतात. रागाचा वादी-संवादी त्यांना विचारला जातो. गाण्यावर जगायचं कसं, याबद्दल एक अक्षर कुणी सांगत नाही.

आणि यात सगळ्यात मोठा दोष मी गुरूंना देतो. मूल अठरा वर्षांचं होतं, आवाज चांगला लागतो, मेहनत आहे, आणि आईवडील भीत भीत विचारतात, ‘बुवा, याचं पुढं काय? पोट कसं भरायचं?’ पुष्कळ गुरूंना हा प्रश्न अपमानाचा वाटतो. ‘स्वरावर श्रद्धा ठेवा’ असं उत्तर मिळतं आणि आईवडील अरसिक ठरतात. हा प्रश्न अरसिकपणाचा नाही. मुलावर प्रेम असलेल्या माणसानं विचारायलाच हवा असा तो आहे, आणि ज्याच्या हाती मुलाची दहा-पंधरा वर्षं सोपवली त्याला त्याचं खरं उत्तर देणं बंधनकारक आहे. उत्तर गुरूला ठाऊक असतं. मैफलींचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि होळीपर्यंत संपत येतो. त्याबाहेर गणेशोत्सव, आषाढीची अभंगवाणी, गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम, आणि त्यातले बरेच बिनपैशाचे. सुरुवातीची कितीतरी वर्षं घर चालतं ते शिकवण्यांवर. आकाशवाणीत एके काळी वादक-गायकांना नोकऱ्या होत्या, ती भरती आता जवळजवळ थांबली आहे. कितीतरी शाळांत संगीताचा तास आहे, संगीताचा शिक्षक नाही. हे सारं गुरूनं मुलासमोर, त्याच्या आईवडिलांसमोर बसून सांगावं. ऐकून जो मागं फिरेल त्याला अडवू नये. जो पुढं येईल तो डोळे उघडे ठेवून येईल.

शिकवण्यांवरून आठवलं. परदेशातल्या मराठी घरांतली मुलं व्हिडिओवरून गाणं शिकतात, आणि आपल्या कितीतरी तरुण गायकांचं खरं उत्पन्न त्यावरच आहे. ही चांगली सोय आहे. पण वेळ पाहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ म्हणजे इथले सकाळचे सहा. गायकाच्या आयुष्यातला हा सोन्याचा तास. याच वेळी खर्ज लावायचा, याच वेळी षड्ज स्थिर करायचा, असं त्याला त्याच्या गुरूनं शिकवलेलं. तो तास आता कुणाच्या तरी भूपाच्या सरगमीत जातो, मग दुसरी शिकवणी, मग तिसरी. दहा वाजता तंबोरा हाती घ्यावा तर आवाज थकलेला. मैफलीची बिदागी पुरेशी असती तर पहाट त्याची राहिली असती. पैशामुळं साधना बिघडते म्हणणाऱ्यांनी पैशाच्या अभावी ती कशी बिघडते, हे या घरांत जाऊन पाहावं.

नोकरी सांभाळून गाणं करावं, असा सल्लाही आपण सर्रास देतो आणि वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण देतो. वसंतरावांनी लष्कराच्या हिशेब खात्यात वीसेक वर्षं कारकुनी केली, हे खरं. नोकरी सोडल्यावर ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आलं, आणि एवढी ताकद या माणसात होती हे महाराष्ट्राला उशिरा कळलं. ही हकीकत आपण कौतुकानं सांगतो. मला ती ऐकताना त्या वीस वर्षांचं दुःख होतं. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाचची वेळ ज्या गळ्यानं रकान्यांत आकडे भरण्यात घालवली, त्या गळ्यातलं किती गाणं आपण गमावलं? आणि वसंतराव तरी वसंतराव होते. त्यांच्याइतकी विलक्षण देणगी नसलेले, पण मेहनतीनं फार चांगल्या पायरीला पोचले असते असे किती जण बँकेच्या काउंटरमागं निवृत्त झाले, याची नोंद कुठं नाही.

अशानं गाण्यात टिकतं कोण, हा प्रश्न मला फार छळतो. ज्याच्या बापाचं पुण्यात घर आहे, ज्याची बायको किंवा जिचा नवरा पगारदार आहे, त्याला ‘बघू आपण’वर वर्षं काढता येतात. बार्शीहून किंवा काणकोणहून आलेली, खोलीचं भाडं भरणारी मुलगी काढू शकत नाही. गळा सारखाच असला तरी एक राहतो आणि एक जाते. बाळकृष्णबुवांसारखी निर्धन माणसं पायी हिंडून हे गाणं महाराष्ट्रात घेऊन आली. ते गाणं खाऊनपिऊन सुखी घरांची मालमत्ता होऊन बसावं, हे आपल्याला चालणार आहे का? पैशाचं नाव न काढण्याचा संस्कार वरवर त्यागाचा दिसतो, प्रत्यक्षात तो दारावर पहारा देतो, आणि गरिबालाच अडवतो.

म्हणून ज्यांना गाण्यातून मिळकतीची गरज नाही अशा चांगल्या गायक-वादकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. ‘मला काही नको, मी आनंदासाठी गातो’ असं तुम्ही मंचावर सांगता आणि टाळ्या मिळतात. तुमचा हेतू निर्मळ आहे. पण पुढच्या महिन्यात त्याच मंचावर गाण्यावर जगणारा कुणी येतो तेव्हा आयोजक त्याला सांगतात, ‘गेल्या वेळी अमक्यांनी काहीच घेतलं नाही.’ तुमच्या औदार्याची किंमत त्यानं चुकवलेली असते. पैसे घ्या. घेऊन मंडळाला परत द्या, एखाद्या विद्यार्थ्याची फी भरा, जे हवं ते करा. पण घ्या, आणि घेतले हे सांगा.

नामवंतांनाही त्यांच्या वाट्याचं काम आहे. बड्या गायकाचा शब्द आयोजक मोडत नाही. त्यानं बिदागी ठरवतानाच तबला, पेटी, सारंगी यांची रक्कम वेगळी आणि मोठी ठरवून घेतली तर ती मिळते. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यालाही काही द्यावं. तो तीन तास मांडी न मोडता तारा छेडत असतो. साथीदारांच्या पोटाचा विचार न करता वरून निर्णय घेण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमला बंदी घातली ती थेट १९७१ पर्यंत सैल झाली नाही. पेटीवर श्रुती वाजतात की नाही याची चर्चा भरपूर झाली. तीस वर्षं रेडिओचं काम बुडालेल्या पेटीवाल्यांच्या घरात काय शिजत होतं, हे त्या चर्चेत आलं नाही. आप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन यांच्या पेटीवर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राला तरी याची टोचणी असायला हवी.

पैसा आला की गाणं हलकं होईल, ही भीती प्रामाणिकपणे बाळगणारे लोक आहेत. त्यांना मी भीमसेन जोशींकडे बोट दाखवीन. गाडी स्वतः हाकत गावोगाव जाऊन त्यांनी अखंड व्यावसायिक मैफली केल्या, संसार चालवला. त्याच हातांनी १९५३ साली गुरूच्या नावानं सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला आज हजारो माणसं तिकीट काढून थंडीत येऊन बसतात. म्हणजे मराठी रसिक पैसे देत नाही हेही खरं नाही. नावाला देतो, नवख्याला देत नाही. डिसेंबरात आनंदानं तिकीट काढणारा माणूस फेब्रुवारीत गल्लीतल्या सभागृहात ‘प्रवेश विनामूल्य’ नसेल तर परत फिरतो. तिथं चहा-वड्याइतके का होईना, पैसे मोजायची सवय आपण लावून घेतली तर छोटी मंडळं जगतील आणि नवखा गायक नवखेपणात मरणार नाही.

ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार दरमहा मानधन देतं, ते अलीकडं ५,००० रुपये झालं. मिळतं ते चांगलंच. पण पस्तिशीत ज्याला त्याच्या कामाचे पैसे दिले नाहीत, त्याला म्हातारपणी अर्ज करायला, दाखले गोळा करायला, रांगेत उभं राहायला लावायचं, आणि त्याला कलेची कदर म्हणायचं, यानं माझं समाधान होत नाही.

दिवाळी पहाटेच्या मैफलीसाठी मंडळांच्या सभा लवकरच बसतील. अंदाजपत्रकाचा कागद पुढं येईल तेव्हा पहिल्या ओळीत गायिकेची रक्कम लिहावी. दुसऱ्या ओळीत तबलजीची, तिसऱ्या ओळीत पेटीवाल्याची, प्रत्येकाची वेगळी. त्याखाली त्यांचा प्रवास, आणि पहाटे चारला घराबाहेर पडणाऱ्या मुलीसाठी गाडी. मग मांडव, फुलं, फ्लेक्स. बेरीज जमत नसेल तर फ्लेक्स काढून टाकावा, आणि तरीही जमत नसेल तर गायिकेला फोन करून आमच्याकडं एवढेच आहेत असं मोकळेपणानं सांगावं, येणं जमेल का ते तिला ठरवू द्यावं, आणि तिनं नाही म्हटलं तर राग धरू नये.